पुढची तारीख

हळबे बाईंच्या दुकानात पुस्तकं उभी नसतात,
आडवी असतात, पाहुण्यांच्या गाद्यांसारखी थप्पीवर थप्पी.
खालचं ओढलं की त्या गल्ल्यावरून ओरडतात,
"अहो हळू, वरचा राजा पडेल!"

मी धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात कारकून.
माझ्या लेखी प्रकरण म्हणजे लाल फितीतलं,
भाडेकरू विरुद्ध घरमालक, सन त्र्याऐंशीपासून चालू.
वादी गेला, प्रतिवादी गेला,
न्हाणीघराची भिंत अजून वादात.

आणि आज दादरला येऊन, साडेसहा वर्षांच्या मुलीसाठी
मी प्रकरणं असलेलं पुस्तक मागतोय.
"छोटी द्या," मी म्हणतो, "लवकर निकाली निघणारी."

चित्रांची पुस्तकं तिनं संपली म्हणून जाहीर केलंय.
"ती मी वाचत नाही बाबा, नुसती बघते."
नाव चार्वी. लिहिताना रफार राहतो,
म्हणून वहीवर, डब्यावर, कंपासपेटीवर
सगळीकडे 'चावी'.
"तो आकडा नंतर अडकवू," म्हणते.

बाई काढत जातात.
एकात अक्षरं मुंगीएवढी.
एकात दर प्रकरणाखाली चौकटीत तात्पर्य:
खरे बोलावे, दूध प्यावे. चार्वी ते न बोलता परत देते.
एकात अंगण, अंगणात गाय.
"अंगण म्हणजे आपला पॅसेज का?"
एक बरं होतं, पण त्यात माणसं
उद्गारतात, पुटपुटतात, खेकसतात,
साधं कुणी म्हणतच नाही.

मग शेळी निघाली.
सात मजली इमारतीच्या गच्चीवर राहणारी;
वर कशी आली, कुणालाच ठाऊक नाही.
तिसऱ्या पानाला चित्र, ओळीत पाच-सहा शब्द,
आणि शब्दांमध्ये दम खायला जागा.

बाईंची एक परीक्षा असते.
मधलंच पान उघडायचं, अडलेल्या शब्दाला एक बोट मिटायचं.
मूठ झाकली की पुस्तक थप्पीत परत.
"सव्वा लाखाची ती दुसरी," बाई म्हणतात,
"इथे थोडी तरी उघडी लागते."

'गच्चीवर'ला अंगठा गेला.
'वॉचमन' सरळ पार.
'आश्चर्य'ला खरं तर दोन बोटं जायची, एकच गेलं.
'कठड्यापलीकडे', 'बिचकून',
चार बोटं मिटली, करंगळी एकटी उभी.
आणि मग शेळीने सेक्रेटरींचा चष्मा खाल्ला.
चार्वी 'सेकेटरी' वाचते, खुदकन हसते,
आणि हात सावकाश पाठीमागे नेते.

माझ्याकडे बघते.
कारकुनाने पुरावा तपासायचा नसतो,
त्याला न्यायाधीश असतात.
मी पंख्याकडे बघतो. बाई सुटे पैसे मोजतात.

रात्री विक्रोळीला, पहिल्या पानावर
'हे पुस्तक चावीचे आहे' लिहून झाल्यावर,
वाचन सुरू. बोट ओळीखाली सरकतं, थांबतं,
ग... च... ची... गच्ची!
शेजारचा कुकर चार शिट्ट्या देऊन गप्प झाला
तरी आम्ही दुसऱ्याच पानावर.
एवढ्यात मी अख्खा रोजनामा लिहिला असता.
तोंडाशी आलेला शब्द मी तीनदा गिळला,
चौथ्यांदा निसटला. तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला.

पहिलं प्रकरण लिफ्टपाशी संपतं:
शेळी आत, दार बंद,
आणि आतून कुणीतरी बटण दाबलेलं.
"कुणी?"
"ते पुढच्या प्रकरणात."

खिशात फितीचा तुकडा सापडला, लाल. खूण म्हणून घातला.

चोवीस वर्षं मी लोकांना पुढची तारीख सांगतोय.
खिडकीतून ऐकतात, छत्री उचलतात, जातात.
एखादा तसाच बाकड्यावर बसून राहतो,
शिपाई दिवे घालवेपर्यंत.
तारीख ऐकून कुणी पाय हापटले असतील,
कुणी दोनदा उडी मारली नव्हती.

"उद्या. रात्री साडेनऊ," मी सांगतो. "पक्षकाराने हजर राहावे."
पांघरुणाच्या आतून,
हात वर केलेला दिसतोय असा उंचवटा,
आणि आवाज:
"हजर!"